टेप ओढली गेली, असं मी सांगितलं

"ती टेप होती का?" फर्नांडिस सरांनी मला विचारलं.

फर्नांडिस सर मुंबईत अरेंजर होते. गाण्यात कुठलं वाद्य कुठे आणि किती वाजेल, हे अरेंजर ठरवतो. मूळचे ते गोव्याचे. आखाती देशांत दौऱ्यावर जाणाऱ्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी त्यांना गिटारिस्ट हवा होता. गावी जाता जाता ते त्यासाठी मुद्दाम बेळगावात उतरले होते. दुपारी चारचा आमचा कार्यक्रम त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकला आणि संपल्यावर स्टेजच्या कडेला माझ्या मिक्सरपाशी आले. माझ्या डाव्या हाताला आमचे मालक उभे होते. मागच्या पडद्याच्या फटीतून दिनकर दिसत होता. तो वायर गुंडाळत होता. प्रश्न ऐकला तसे त्याचे हात थांबले.

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी जे दिलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. मला फार बोलायची सवय नाही, आणि ही गोष्ट तर गिळूनच टाकली होती. आता सांगतो.

मी साऊंडवाला. आमचं घर खानापूर तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. मी रेडिओ दुरुस्ती शिकलो, बेळगावात दुकान टाकलं आणि एका ऑर्केस्ट्राचा साऊंड बघायला लागलो. आठ चॅनलचा मिक्सर, दोन माईक जास्तीचे, एक कॅसेट डेक. प्रत्येक वाद्याची आणि गाणाऱ्याची वायर मिक्सरमध्ये येते. कुणाचा आवाज किती ऐकू जाईल, ते माझ्या हातातल्या बटणावर ठरतं. बटण खाली असलं तर माणूस जीव तोडून वाजवू दे, लोकांना काही कळत नाही. एवढी सत्ता साऊंडवाल्याकडे असते आणि तिचा विचार कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

दिनकर निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. वडील एकतारीवर भजनं म्हणायचे, पुढे बौद्ध झाल्यावर जयंतीला भीमगीतं म्हणायला लागले. दिनकरनं कुणाची तरी जुनी गिटार मिळवली आणि वडिलांच्या मागे वाजवायला लागला. आमच्याकडे आला तेव्हा पंचविशीचा असेल. पहिल्याच दिवशी पिरनवाडीच्या शेडमध्ये रिहर्सलला त्यानं एक गाणं वाजवलं, आणि आमचा बोंगोवाला वाजवायचं विसरून बघत बसला.

त्याचा गुरू कोण, असं विचारलं तर तो खिशातून एक कॅसेट काढायचा. त्याच्या गल्लीतला एक जण कुवेतला ड्रायव्हर होता, त्यानं आणलेली. इजिप्तच्या एका गिटारवाल्याची. वरचं सगळं अरबीत. आम्ही दोघं ती कॅसेट घेऊन बेळगावात अरबी शिकवणाऱ्या एका वयस्कर मौलवींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून कव्हरवरचा मजकूर वाचून दाखवला. गिटारवाल्याचं नावही सांगितलं, पण ते आमच्या जिभेवर बसलं नाही. आम्ही त्याला कैरोवाला म्हणायला लागलो.

कैरोवाल्याचे वडील रेल्वेत होते. हा पोरगा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे हॉटेलात नाचताना वाजवायची वस्तू, असं तिकडच्या जुन्या वादकांचं मत. या परक्या लाकडात आपले सूर नाहीत, असं ते म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्या ठरलेल्या जागी ठोकलेल्या असल्यामुळे गिटार पेटीसारखी मोजकेच सूर देते. अरबी गाण्यात पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूर लागतात. कैरोवाल्यानं तारा बोटानं ओढून ते मधले सूर काढले. मग एका मोठ्या ताफ्याच्या प्रमुखानं त्याला बोलावलं, म्हाताऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आणि तरी त्याला घेतलं. पुढे सिनेमे, पुढे बैरूतची हॉटेलं, पुढे सगळ्या अरब मुलखात नाव.

कव्हरवर एक फोटो होता. काळ्या कोटातली वयस्कर मंडळी, हातात व्हायोलिनं आणि पोटफुगी वीणेसारखी वाद्यं. त्यांच्या पुढे खुर्चीवर हा, मांडीवर गिटार.

"बघा अण्णा," दिनकर मला म्हणाला, "त्याला पुढच्या वळीत बसवलंय. म्हाताऱ्यांच्या म्होरं."

मौलवी हसले. म्हणाले, "बेटा, बसवावंच लागतं. मागे बसवलं तर लोक माना उंचावून बघणार."

आमच्याकडे मान उंचावायची वेळ कुणावर आली नाही. आमच्या मालकांनी त्याला पडद्याच्याच मागे बसवला.

कारण काय, ते मालकांनी मला दुकानात येऊन सांगितलं होतं. चहा पीत, अगदी साध्या आवाजात. "पोरगं गुणाचं हाय, माझं काय म्हणणं न्हाय. पण आपले प्रोग्रॅम जत्रेतले. निपाणीकडच्या गावांत त्येला समदी वळखतात, जयंतीच्या स्टेजवर बघितल्यालं असतंय. मग जेवणाला कुठं बसवायचं, कुणाच्या घरात न्यायचं, ह्यो घोळ. तुम्ही एक करा. त्येला मागं बसवायला कायतरी साऊंडचं कारण सांगा. तुमचं ऐकंल त्यो."

मी सांगितलं. लगेच. चहा संपायच्या आत मला कारण सुचलं होतं, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

विजेच्या यंत्राला जमिनीशी जोडणारी तार असते, ती अर्थिंग. ती नीट नसली की स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज येत राहतो. त्याला आम्ही हम म्हणतो. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, म्हणजे अँपला, तो पुष्कळदा लागतो. मी दिनकरला सांगितलं, "तुझ्या अँपला हम आहे. पुढे ठेवला की माईक तो उचलतात. मागे अर्थिंगच्या जवळ बसलास तर येणार नाही."

"मग म्होरं गिटार घिऊन कोण?"

"सुहास उभा राहील. नुसता दिसायला. चार-दोन प्रोग्रॅम. तोवर बघू."

सुहास हा मालकांचा भाचा. देखणा, केस वाढवलेला. त्याला चार कॉर्ड येत होत्या, लांबलचक तुकडे येत नव्हते. तो पुढे लाल गिटार घेऊन उभा राहायचा आणि तिचा आवाज मी बंद ठेवायचो. मागे दिनकर अँपसमोर बसायचा, त्या अँपसमोर माझा एक माईक असायचा. सातवा चॅनल. लोकांना दिसायचा सुहास, ऐकू यायचा दिनकर. चार-दोन प्रोग्रॅमची तीन वर्षं झाली.

सगळ्या ऑर्केस्ट्राला माहीत होतं. गायिका, बोंगोवाला, निवेदक, कुणी अवाक्षर काढलं नाही. गावात पंगत बसली की मालक यजमानांना सांगायचे, आमच्या एका माणसाला पोटाचं पथ्य आहे, तो गाडीतच डबा खातो. दिनकर टेम्पोत बसून आईनं दिलेली भाकरी खायचा. मी पंगतीतून उठताना त्याच्यासाठी कागदात जिलबी बांधून न्यायचो, आणि त्यापायी स्वतःला बरा माणूस समजायचो.

त्या हमसाठी दिनकरनं काय केलं असेल? तो अँप एसटीच्या टपावर टाकून कोल्हापूरला घेऊन गेला. तिथल्या मिस्त्रीनं खोलून बघितला आणि सांगितलं, यात काही बिघाड नाही. दिनकर परत आला आणि मलाच म्हणाला, "त्या मिस्त्रीला काय कळत न्हाय अण्णा. तुम्ही म्हणताय म्हंजे हम असणारच. ट्रान्सफॉर्मर बदलून बघू?"

मी म्हटलं, बदलून बघ.

त्यानं तो बदलला. काही महिन्यांनी पुन्हा एकदा बदलला. मी दर वेळी कान लावून ऐकल्यासारखं करायचो आणि मान हलवायचो.

त्या तीन वर्षांत मागे बसून त्यानं कैरोवाल्याच्या कॅसेटमधला एक तुकडा बसवला. साडेचार मिनिटांचा. गाणं नाही, नुसती गिटार आणि खाली बोंगो. मधले सगळे सूर तार ओढून. आणि शेवटी कैरोवाला जिथे थांबतो, तिथे दिनकर थांबायचा नाही. एक सूर लांब खेचत खाली आणायचा, खाली, आणखी खाली, आणि मग वडील एकतारीवर भजन संपवायचे तसा सोडून द्यायचा. तेवढं त्याचं स्वतःचं होतं. मध्यंतराच्या आधी हा तुकडा असायचा. जत्रेत तंबाखू मळणारे म्हातारेसुद्धा हात थांबवून ऐकायचे. टाळ्या सुहासला.

फर्नांडिस सर येणार हे कळलं तेव्हा दिनकर दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट घालून.

"अण्णा, उद्या मला म्होरं बसायचंय. हम आला तर येऊ दे. ते सायब बघायला येणार, मी दिसाय नगो?"

"मालकांना विचारतो."

मालक म्हणाले, "खुळं काय तुम्ही? त्यो गेला की जत्रा कुणाच्या जिवावर करायच्या? समद्या सुपाऱ्या घेतल्यात मी. सुहासलाच बघू द्या त्यांना. जमलं तर जमलं, न्हाय तर न्हाय."

त्यांच्या हिशेबात दिनकर हातचा जाऊ नये एवढंच होतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरात दिनकरला सांगितलं, "इथलं अर्थिंग फारच खराब आहे. पुढे बसलास तर नुसता हम ऐकू येईल, तुझी गिटार नाही. साहेबांवर काय छाप पडणार? मागे बस. कार्यक्रम संपल्यावर मी स्वतः तुझी भेट घालून देतो."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

तो मागे जाऊन बसला.

त्या दिवशी त्यानं जसं वाजवलं तसं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. फर्नांडिस सर पहिल्या रांगेत पुढे झुकून बसले होते. शेवटचा सूर खाली यायला लागला तसे त्यांनी डोळे मिटले.

कार्यक्रम संपल्यावर ते आधी सुहासकडे गेले. पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तो मधला तुकडा, त्याच्या पहिल्या चार ओळी परत वाजव बघू. अँप नको, नुसतीच." सुहासनं गिटार हातात घेतली. बोटं ठेवली, काढली. घामानं त्याचा चेहरा चमकत होता.

"सर," तो म्हणाला, "हे मी न्हाय. दिन..."

"सुहास, खाली बस," मालक म्हणाले. "सायब, खरं सांगतो, रागवू नका. ती टेप होती. लोकांना दाखवायला जरा करावं लागतंय."

भाचा खरं बोलायला निघाला होता. त्याला एक धक्का पुरला असता. बाकीच्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण टेप वाजवणारा मी. आणि फर्नांडिस सर माझ्यापाशी आले.

"ती टेप होती का?"

मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धमकीबिमकी काही नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक ऑर्केस्ट्रा सुटला असता. दुकान होतंच माझं.

"होय सर," मी म्हणालो. "टेप."

डेकमध्ये कैरोवाल्याची कॅसेट होतीच. कार्यक्रमाआधी लावायला दिनकरनंच दिली होती. मी ती काढून कव्हरात घातली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कव्हर बघितलं आणि हसले. "ह्याला मी बैरूतला ऐकलाय. जहाजावर बँडमध्ये होतो तेव्हा. पुढे बसतो, गिटारकडे बघतसुद्धा नाही. मला वाटलंच, हे सूर इकडच्या कुणाला जमायचे नाहीत." मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "पण बोंगो तर समोर वाजत होता?"

"त्याला सवय आहे सर. टेपवर वाजवायची."

"आणि शेवट? शेवटी तो सूर खाली गेला, ते ह्याच्या रेकॉर्डमध्ये नाही. मला पाठ आहे ती."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. तो माणूस स्वतःहून दार उघडून उभा होता. पण खोटं एकदा धंद्याच्या भाषेत बोलायला लागलं की त्याला अडत नाही.

"व्होल्टेज पडलं सर," मी म्हणालो. "मोटर हळू झाली की टेप ओढली जाते. सूर खाली येतो. आम्ही म्हणतो टेप रडली."

"असं," ते म्हणाले. "छान रडली." कॅसेट मला परत दिली, मालकांशी हात मिळवला आणि गेले. गाडी बाहेर उभीच होती. फार रात्र व्हायच्या आत त्यांना घाट उतरायचा होता.

मी मागे वळलो नाही. वायरी काढत राहिलो. थोड्या वेळानं पडदा बाजूला झाल्याचा आवाज आला. दिनकर अँप उचलून स्टेजच्या मधोमध आला. अँप ठेवला. जिथे सुहास उभा असायचा, बरोबर तिथे. प्लग लावला, गिटार लावली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग बोटं तारांवर सपाट ठेवून उभा राहिला.

थिएटर रिकामं होतं. मालक दारात, सुहास खुर्चीत डोकं धरून. स्पीकरमधून बारीक हवा सुटल्यासारखा आवाज, जो कुठल्याही चालू अँपमधून येतो. बाकी काही नाही.

"हम कुठाय अण्णा?"

मी हातातल्या वायरीची गाठ सोडवायला लागलो.

"तीन वर्सं मी ह्याला खोलतोय. कुठाय?"

"दिनकर, अरे मालक..."

"मालकाचं मला ठावं हाय. मालक कसा हाय ते मी पहिल्या दिवशी बघितलं. पंगतीचं मला कळत न्हाय व्हय? मी तुमाला विचारतोय. त्यो मिस्त्री सांगत हुता न्हाय म्हणून. मी त्येला येडा म्हणून आलतो. तुमच्यासाठी."

वॉचमननं मागून हाक दिली, "लाईट आफ माडलेन्री?" दिवे घालवू का, म्हणून. दिनकरच त्याला म्हणाला, "दोन मिनिटं थांबा मामा, सामान आवरतो." त्यानं अँप बंद केला, वायर नीट गोल गुंडाळली, मिक्सरवरची कॅसेट उचलली आणि गेला. त्यानंतर तो ऑर्केस्ट्रात आला नाही.

फर्नांडिस सरांनी दुसरीकडचा एक गिटारिस्ट नेला, असं कानावर आलं. त्यांचा पत्ता मालकांकडे होता. आठ दिवस मी मनात पत्र लिहीत होतो. पत्ता काही मागितला नाही. सुहासनं गिटार सोडली, मालकांशी बोलणंही सोडलं. दोन हंगामांत ऑर्केस्ट्रा बंद पडला. दिनकरला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. निपाणीला जयंतीच्या स्टेजवर तो वाजवतो, पुढे बसून, एवढं मला कळत राहिलं. गेलो मात्र नाही.

मालकांचा मला राग आहेच, पण ते निदान जे होते ते होते. मला चीड येते ती माझ्यासारख्यांची, ज्यांना कुणी जबरदस्ती केली नाही. आम्ही शिकलेले. आम्ही जात मानत नव्हतो, जिलबी नेऊन देत होतो. आम्ही फक्त तांत्रिक कारण शोधून दिलं. आणि एका माणसानं स्वतःचा म्हणून काढलेला सूर मी मोटरचा बिघाड म्हणून सांगितला, तोही त्याला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून.

मागच्या वर्षी बेळगावात एका कॉलेजच्या हॉलमध्ये मला साऊंडचं काम मिळालं. कार्यक्रम ठरवणारी प्राध्यापक मुलगी निपाणीची. ती दिनकरची मुलगी, हे मला हॉलवर कळलं. तो आला तेव्हा केस पिकलेले, हातात तीच गिटार. मी पुढे झालो. काय बोलायचं ते बावीस वर्षं पाठ केलं होतं.

"दिनकर, त्या दिवशी मी जे..."

"बरं हाय न्हवं अण्णा?" तो म्हणाला. मध्येच, पण शांतपणे. "गुडघं बरं हायत?" मग माझ्या हातातली गिटारची वायर त्यानं काढून घेतली. "तुम्ही बसा. गायकांचं तुम्ही बघा. माझी लाईन मी बघतो."

त्यानं अँप स्वतः स्टेजच्या पुढे नेऊन ठेवला. वायर स्वतः मिक्सरपर्यंत आणली, स्वतः खोचली, बटण स्वतः वर केलं. सोबत पाटबंधाऱ्यातला एक सहकारी आणला होता, त्याला मिक्सरजवळ उभं केलं आणि सांगितलं, "ह्या बटणाला कुणी हात लावायचा न्हाय." माझ्याकडे न बघता. मी माझ्याच मिक्सरसमोर मांडीवर हात ठेवून बसलो आणि त्याचं सगळं ऐकलं.

धंद्यात आता मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवतो. कुणी तुम्हाला साऊंडचं, विजेचं, यंत्राचं कारण सांगून मागे बसवलं, तर आधी प्लग लावून दाखव म्हणा. माणूस कितीही भला असो, दाखव म्हणा. दिनकरनं तीन वर्षं तसं म्हटलं नाही, कारण ते कारण सांगणारा मी होतो.